भोरची बोडकी

मला जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसांचा राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी म्हणायला नको की म्हातारी उगाच तिरसटपणा करते. ज्यांनी वस्तू वापरल्या, घासल्या, शिव्या घालत दुरुस्त केल्या ती माणसं मरून जातात, आणि मग पुण्याहून कुणीतरी येतो, तीच वस्तू हळुवार हातानं पुसतो आणि तिची एक नवीच गोष्ट सांगायला लागतो. गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक जण भोरला माझ्या दारात आला. निरंजन त्याचं नाव. पस्तिशीचा, बोलायला गोड, काखेत फाइल. चहा घेणार का विचारलं तर म्हणाला, बिनसाखरेचा. तिथंच माझं त्याच्याबद्दलचं मत निम्मं झालं. मग त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक लांबलचक, तपकिरी रंगाची, बिनछताची मोटार उभी होती, नुकती न्हाऊ घातल्यासारखी चकाकत.

"काकू, ही संस्थानच्या काळातली गाडी," तो म्हणाला. "शिकारीसाठी खास छत काढून घेतलेली. हे काम मुंबईच्या एखाद्या मोठ्या कारखान्यातलं असणार. दारं बघा, उघडतच नाहीत. रेसच्या गाड्यांसारखी मुद्दाम बंद ठेवली आहेत. आणि पुढचा हा हूक शिकार ओढून आणायला." गाडी त्याला सासवडकडच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात मिळाली होती. मंडपवाल्याला एवढंच ठाऊक होतं की ही भोरची गाडी. भोरची म्हणजे संस्थानची, हे मग याचं यानंच ठरवलं. भोरात बाकी कुणी राहतच नव्हतं बहुतेक. माझे वडील गाड्यांचं काम करायचे हे त्याला बाजारात कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तो एक पत्र टाइप करून घेऊन आला होता. माझे वडील संस्थानच्या गाड्यांची देखभाल करत असत आणि ही गाडी त्यांच्या हाताखालून गेली होती, असं मी त्यात म्हणत होते. खाली माझं नाव, निवृत्त शिक्षिका, आणि सहीसाठी एक रेघ. गाडीचं मूळ सिद्ध करायला हा एकच दुवा राहिलाय, असं त्याचं म्हणणं.

मी त्या हुकाचा फोटो मोठा करून बघितला. तो हूक नव्हता. तो नांगराचा फाळ होता, आणि तो कुणी, कुठं, कशासाठी जोडला हे सांगणारी जिवंत माणसं आता दोनच उरली होती. एक मी आणि दुसरी पालीला दिलेली माझी थोरली बहीण शालन. मी फाइल मिटून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "गाडी इथं आण. मग बघू." तो काहीतरी बोलायला गेला, पण चाळीस वर्षं वर्ग गप्प केल्याचा एवढा तरी उपयोग असतो. तो गेला. खरं सांगायचं तर त्या रेघेवर सही करून टाकावी असं मला वाटून गेलं होतं, आणि चांगलंच वाटून गेलं होतं. का, ते कळायला आधी आमचं घर सांगावं लागेल.

आमचं घर नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत शेवटचं. पुढं अंगण, अंगणात अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, काम, आणि मागं दोन खोल्या. घर अंगणासाठी होतं, अंगण घरासाठी नव्हतं. अण्णा पत्र्याचं काम करायचे. पेट्या, बादल्या, घमेली, धान्याच्या कणग्या, आणि कुणाची जीप नाहीतर टेम्पो कुठं ठोकला की त्याचे पोचे काढायचे. वाड्यावरच्या गळक्या पाण्याच्या टाकीला त्यांनी एकदा डाग दिला होता, संस्थानशी आमचा संबंध आला तो एवढाच. सकाळी सातला हातोडा सुरू व्हायचा. पोचा काढताना आवाज आधी बद्द येतो आणि पत्रा जागेवर आला की खणखणीत होतो. मी आणि शालनताई आत अभ्यास करत असलो तरी आवाजावरून सांगायचो, आता बसला. अजूनही कुठं पत्र्यावर हातोडा पडला की मी तो खणखणीत होईपर्यंत थांबते.

अण्णा कमी बोलायचे आणि आई त्यांच्याही वाटचं बोलायची. मायेनं नव्हे. आमच्या घरात माया होती असं मी म्हणणार नाही, पोटभर जेवण होतं. आईची माहेरची जमीन वेल्ह्याकडं, त्यामुळं आंबेमोहोर तांदूळ घरचा यायचा, आणि तो शिजायला लागला की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. त्यावर कुळथाचं पिठलं, चुलीत भाजलेली मिरची, आणि वरून आईचं तोंड. भात वाढताना ती अण्णांचा उद्धार करायची, अंगणात पापड वाळत घालायला जागा नाही, कोंबड्यांच्या पायात खिळे जातात, माणसाला पत्र्याशी लग्न लावायला हवं होतं. अण्णा भात कालवत राहायचे. मी त्या दोघांच्या मध्ये बसून दोघांचं घेतलं. हट्ट अण्णांचा आणि जीभ आईची. शालनताईनं दोघांचंही काही घेतलं नाही. ती ऐकायची. सगळं ऐकायची आणि कुठंतरी ठेवून द्यायची.

तिचं लग्न पालीला ठरलं. राजगडाच्या पायथ्याचं गाव, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा शांत. घरात सत्ता मुलाच्या आत्याची. मुलाची आई लवकर गेल्यामुळं आत्याबाईंनीच त्याला वाढवलं होतं. बैठकीत त्या सहज म्हणाल्या की वरात आमच्या बैलगाडीतून निघंल, तुमाला काय जमायचं न्हाई. त्यात टोचून बोलण्यासारखं किती होतं आणि अण्णांना किती टोचलं, देव जाणे. ते एकदम म्हणाले, "माझी पोर मोटारीतनं येईल. वरून उघड्या. सगळ्या गावाला दिसंल अशी." बैठकीत सगळे हसले. आई परत येताना एस्टीत तोंड फिरवून बसली. आमच्याकडं सायकलसुद्धा नव्हती.

पण अण्णांच्या डोक्यात ती गाडी आधीपासून असणार. पानशेतच्या बाजूला एका ठेकेदाराची जुनी विलायती मोटार घाटात उलटली होती. माणसं वाचली, छताचा पापड झाला. ठेकेदार काम संपवून निघून गेला आणि ती तिथंच सोडून गेला, हवी तर न्या म्हणाला. अण्णांनी ती ट्रकवर घालून भोरला आणली आणि अंगणात उतरवली. त्या दिवसापासून आईनं चूल पेटवली नाही. आम्ही तीन दिवस शेजारच्या काकूंच्या घरचं खाल्लं. छत चेपलेलं होतं म्हणून ते काढलं, एवढं साधं कारण. शिकार नाही, हौस नाही, मुंबईचा कारखाना नाही. करवत, छिन्नी आणि माझे दोन हात. मी पत्रा धरायची, अण्णा कापायचे. शेवटचा खांब कापला आणि छत आम्ही दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, तेव्हा ती गाडी मला इतकी उघडीवाघडी दिसली की मी हसत सुटले. फांद्या तोडलेल्या झाडाला आपण बोडकं झाड म्हणतो, गवत गेलेल्या डोंगराला बोडका डोंगर. माझ्या तोंडून तेच आलं. "अण्णा, ही तर बोडकी झाली की."

आई पापडाचं पीठ मळत होती. त्याच हातानं तिनं माझ्या कानाखाली दिली. "लग्नघर हाय हे. असलं नाव तोंडात आनायचं न्हाई." आमच्या लहानपणी डोकं भादरलेल्या दोन विधवा गल्लीत होत्या, त्यांना मागून याच शब्दानं ओळखायचे. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण सोळाव्या वर्षी ठाऊक असलेलं लागू कुठं होतं?  पण पुढं दोन महिने अण्णा आणि मी आईच्या मागं त्या गाडीला बोडकीच म्हणायचो. बोडकीचं चाक, बोडकीचा रंग. अण्णांच्या आणि माझ्यामध्ये तेवढाच एक गमतीचा शब्द होता, म्हणून तो मला फार आवडायचा.

छत गेल्यावर आणखी एक झालं. अण्णांनी तोवर पोचे काढले होते, गाडीचा टप, म्हणजे छत, कधी कापला नव्हता. छतानं गाडी वरून धरलेली असते हे त्यांना छत काढल्यावर कळलं. गाडीची कंबर खचली आणि दोन्ही बाजूंची दारं चौकटीत आवळून बसली. मिटलेली उघडेनात, उघडलेली मिटेनात. अण्णांनी खालून जॅक लावून गाडी उचलली, तळाला लोखंडी पट्ट्या मारल्या, आठवडाभर आम्हाला बघवेना असा चेहरा करून फिरले, आणि शेवटी गॅस आणून चारही दारं कायमची जोडून टाकली. वर असा रंग दिला की जोड दिसायचा नाही. "वरनं चढायचं," म्हणाले. निरंजनच्या रेसच्या गाडीची कथा ती ही. फाळाचं तर त्याहून साधं. वरात शिवेवर आली की नारळ फोडतात, देवळापुढं फोडतात, दारात फोडतात, आणि फोडणारा गाडीच्या नाकाडावरच हाणतो. आपण काढलेले पोचे लोक पुन्हा पाडणार हे अण्णांना सहन होईना. म्हणून त्यांनी मामाच्या मोडक्या नांगराचा फाळ आणून पुढं जोडला. नारळ फोडा, पण इथं फोडा.

लग्न पालीला होतं. ते नीट लागलं, जेवणं झाली, वरात देवळापासून निघाली. नसरापूरच्या एका फिटरनं इंजिन चालतं केलं होतं आणि तोच गाडी हाकत होता. मागं नवरानवरी, पुढं फिटरशेजारी मी, करवली म्हणून हातात कळस घेऊन. अण्णा गाडीशेजारून चालत होते, नव्या टोपीत, एक हात दारावर ठेवून. ते इतके ताठ चाललेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिले नाहीत. सगळं गाव दुतर्फा होतं. फाळावर नारळ फुटत होते. मुलाच्या घरापाशी गाडी उभी राहिली, समोर उंबऱ्यावर भाकरतुकडा घेऊन आत्याबाई. तेवढ्यात माझ्या बाजूच्या बायकांमधली एक जण वाजंत्रीच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "अगं, ह्या गाडीला छप्परच न्हाई. फुटकी गाडी आनलीया." बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मला अण्णांचा तो ताठ खांदा दिसत होता. माझं डोकं फिरलं. मी कळस घट्ट धरला आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "बोडकी म्हनत्यात हिला. बोडकी असली तरी तुमच्या बैलगाडीपरीस लई बरी."

शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला आणि उंबऱ्यावर पोचला. वाजंत्री कुणी थांबवली कळलं नाही. आत्याबाईंच्या हातातला भाकरतुकडा खाली आला. "नव्या नवरीला बोडकीत बसवून आनली?" त्या ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं. "माझ्या पोराच्या जिवावर उठलाय व्हय? कोन म्हनलं हे?" त्या दोन-तीन बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझी जीभ, जी कधी आईपुढंही अडली नव्हती, ती टाळ्याला चिकटली. आणि दारावर हात ठेवून उभे असलेले अण्णा म्हणाले, "म्या म्हनलो. आमच्या दुकानातलं नाव हाय त्ये. चुकलं माझं." बापच कबूल झाल्यावर पोरीला कोण विचारतो? आत्याबाईंनी त्यांच्याकडं पुरतं बघून घेतलं. "पोरीचा दोष न्हाई. तिला आत घेते. पर तुमी ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. कबूल नसंल तर गाडी हितनंच मागं फिरवा." अण्णांनी टोपी काढली. "न्हाई येत," ते म्हणाले. "शब्द दिला."

मग दार उघडायची वेळ आली आणि दार उघडेना. देवळापाशी सगळे ओट्यावरून थेट सीटवर उतरले होते, तेव्हा दाराचं काम पडलं नव्हतं. नवऱ्यामुलानं हिसकलं, कुणी बाहेरून ओढलं. लोक पुन्हा हसायला लागले. ती दारं उघडण्यासारखी नाहीत हे सांगायचंसुद्धा अण्णांना सुचेना. तेव्हा शालनताई सीटवर उभी राहिली, शालू आवरला, दारावर पाय टाकला आणि एकटी खाली उतरली. हात कुणाचाही धरला नाही. अण्णा हात पुढं करून उभे होते, त्यांचाही नाही. उंबरा ओलांडताना तिनं मागं वळून बघितलं. मला वाटलं तिनं अण्णांकडं बघितलं. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं मी तसंच समजत होते, कारण मला तसं समजणं सोयीचं होतं.

अण्णांनी ती गाडी महिन्याच्या आत एका मंडपवाल्याला देऊन टाकली आणि पुन्हा कधी कुठल्या गाडीचा टप कापला नाही. दर दिवाळीनंतर आम्ही तिघं पालीला जायचो. आई आणि मी आत. आत्याबाई आम्हाला आग्रह करकरून वाढायच्या, पुरणपोळीवर तूप ओतायच्या, आणि मी ती खायची. अण्णा बाहेर, अंगणाच्या कडेला एक फुटकं उखळ पालथं घातलेलं होतं त्यावर बसायचे. ताई त्यांना चहा तिथं नेऊन द्यायची, जेवणाचं ताट तिथं. आत्याबाई गेल्या, त्यानंतर ताईच्या यजमानांनी दोनदा अण्णांचा हात धरून आत चला म्हटलं. अण्णा म्हणाले, "शब्द दिलाय. आन् हितं वारा बी चांगला लागतोय." तो शब्द कुणाच्या चुकीसाठी दिला होता हे घरात बसून पुरणपोळी खाणाऱ्या एका बाईला ठाऊक होतं. ती बोलली नाही. आधी भीतीनं, मग सवयीनं, मग आता काय उपयोग म्हणून. अण्णा गेले तेव्हाही ती बोलली नाही. आत्याबाईंचा मी आयुष्यभर राग केला, आणि तो राग मला फार उपयोगी पडला.

तर अशी ती रेघ होती. तिच्यावर सही केली की गाडी संस्थानची होणार होती. मग ती आमच्या अंगणात कधी आलीच नव्हती, मी तिला नाव ठेवलंच नव्हतं, आणि पालीच्या त्या उंबऱ्यापुढं मी तोंड मिटून बसलेच नव्हते. अण्णांचं काम पुसलं गेलं असतं, पण त्याबरोबर माझंही. सौदा वाईट नव्हता. आठवडाभर मी तो मनात घोळवला. मग निरंजन खरोखरच गाडी घेऊन आला, गल्लीत लावली, आणि मी हात लावला तर दाराच्या कडेला रंगाखाली तो जोड बोटाला लागला. सरळ नव्हता. अण्णांचा हात शेवटी शेवटी थोडा वर जायचा. मी त्याला म्हटलं, "पालीला चल. मूळ हवंय ना तुला?"

त्याच्याजवळ चढायला एक लहान स्टूल होतं. बहात्तराव्या वर्षी त्यावरून त्या गाडीत चढताना मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. नसरापूर, मार्गासनी, मग आत वळून पाली. वाटेत तो मला विचारत होता की दारं उघडून पूर्ववत करावीत का, आणि मी त्याला सांगत होते की आधी गप्प बसायला शीक. गावात ट्रेकला आलेली पोरं फोटो काढायला धावली. ताईचं घर आता सिमेंटचं आहे, तिची सून गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. उंबऱ्यावर फरशी बसली आहे. उखळ मात्र तिथंच होतं. ताई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं गाडी बघितली. सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली, पुढून चालत आली आणि फाळावर हात फिरवला. "मामाच्या नांगराचा," ती म्हणाली. निरंजननं लगेच मोबाईल काढला. मी त्याला तो खिशात ठेवायला लावला.

मी गाडीतून उतरू शकत नव्हते, तो स्टूल आणायला मागं गेला होता, म्हणून मला ते तिथंच, उंच बसूनच बोलावं लागलं. "ताई, तुझ्या वरातीत ते अण्णा म्हणाले नव्हते. ते मी म्हणाले होते. बोडकी."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्याच नजरेनं, उंबऱ्यावरून मागं वळून बघितलं होतं त्या. "मला काय ठावं न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "तुझ्या मागंच बसले हुते की म्या. तुझा आवाज मला वळखाया येत न्हाई?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्या का बोलू? तुझं हुतं त्ये बोलायचं. दर सालाला वाट बघितली. वाटायचं, आवंदा ही पोळीचा घास खाली ठेवंल आन् बाहिर जाऊन बापाजवळ बसंल. तू दोन दोन पोळ्या खायचीस." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "अण्णा हुते तवर सांगायचं हुतंस. आता मला सांगून काय करू म्या त्याचं?"

 आई असती तर तिनं ताईला काहीतरी उत्तर दिलं असतं. निरंजन स्टूल घेऊन आला आणि मला धरून खाली उतरवलं. त्याच्या फाइलमधला पत्राचा तो कागद मी उलटा करून त्याच गाडीच्या नाकाडावर ठेवला आणि त्याच्याकडचं पेन मागून लिहिलं. गाडी उलटलेली होती म्हणून छत काढलं. कापली भोरला, अमुक गल्लीत, माझ्या वडिलांनी, त्यांचं पूर्ण नाव. दारं चुकून बिघडली म्हणून जोडली. हूक नाही, नारळ फोडायचा फाळ आहे. गाडीचं नाव बोडकी, आणि हे नाव ठेवणारी व लोकांत घेणारी मी. खाली रेघ नव्हती, तरी सही केली. त्यानं ते वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, काकू, याचा मला उपयोग नाही. मी म्हटलं, तुझ्यासाठी लिहिलंच नाही. तरी त्यानं कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला, फेकला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

ताईच्या सुनेनं आतून हाक मारली, मावशी, आत या, चहा टाकलाय. मी चपला काढायला उंबऱ्याकडं वळले. ताईनं काठी आडवी धरली नाही, आवाज चढवला नाही. "त्या पाव्हण्याला आत बसव," ती सुनेला म्हणाली. "हिचा चहा हितं बाहिर आन."

मी जाऊन उखळावर बसले. ते माझ्या अंदाजापेक्षा ठेंगणं होतं, गुडघे पोटाशी येत होते, आणि वारा अजिबात लागत नव्हता. समोर शेजारच्या घराची मागची भिंत आडवी येत होती. कपबशी ताईनं स्वतः आणून दिली आणि ती आत गेली. मी चहा प्यायले, कप तिथंच विसळला आणि उखळाशेजारी पालथा घातला, अण्णा घालायचे तसा.